हक्काचं भांडण

आमच्या आण्णांना गावात शांत माणूस म्हणून कुणी ओळखत नाही. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, एकादशीला वरीचा भात, आषाढी-कार्तिकी सहसा चुकलेली नाही, हे सगळं खरं. पण रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला गेले आणि मोटार बंद पडली, की बांधावर उभं राहून ते जे बोलतात ते सगळंच्या सगळं इथं लिहिता येणार नाही. हे बोलणं मोटारीला नसतं, लाईनमनलाही नसतं. तोंड पंढरपूरच्या दिशेला असतं. "बघतूस काय रं नुसता कमरंवर हात ठिवून? हितं ये, स्टार्टर धर जरा!" असा साधारण सूर. मग टेस्टर घेऊन फ्यूज बघतात, मोटार चालू होते किंवा होत नाही. घरी येतात, पाय धुतात, दुधात भाकरी कुस्करून खातात आणि पाठ टेकल्याबरोबर घोरायला लागतात.

मी पुण्यात हिशेबाचं काम करतो. आमच्याकडे वीज सहसा जात नाही, खिडक्यांना जाळ्या आहेत, गादी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली आहे. तरी रात्री दोन-अडीचला डोळे टक्क उघडतात. घराचा हप्ता, मुलीची बारावी, मघाशी छातीत आलेली कळ गॅसची होती की आणखी कशाची. हा फेरा एकदा सुरू झाला की पहाटेच्या दुधाच्या गाडीपर्यंत चालतो. आण्णांपुढचे प्रश्न माझ्याहून लहान कधीच नव्हते. मग या माणसाला झोप कशी लागते? "त्यांची श्रद्धा आहे," असं आमच्या घरातले सगळे म्हणतात. म्हणोत. पण ते डब्यावरचं लेबल झालं. डब्यात काय आहे, ते मला बघायचं होतं.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं. पंढरपूर इतकं जवळ, की पूर्वी माणसं सकाळी सायकलवर टांग मारून जायची आणि दर्शन घेऊन संध्याकाळच्या धारेला परत यायची. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं; पण ती पिकते कशी हे बाहेरच्यांना सांगितलं की खरं वाटत नाही. जमीन काळी, खोल, भेगाळणारी. परतीचा पाऊस ती पोटात साठवून घेते आणि पेरलं की त्याच ओलीवर, थंडीतल्या दवावर, पीक काढणीपर्यंत येतं. वरून पाणी द्यायचं नाही. पेरणारा पेरतो आणि मग त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. माझ्या लहानपणी आण्णा कोवळ्या ज्वारीच्या बांधावरून चालताना कधी घाईत दिसले नाहीत.

पण त्यांनी डाळिंब लावलं, तेव्हा ते बदलले होते. सांगोल्याकडच्या बागा बघून आमच्याकडेही सगळ्यांनी लावलं. बोअर मारले, ठिबक टाकलं, 'भगवा' जातीची रोपं आणली. पहिले बहार चांगले गेले. नंतर तेल्या आला. पानांवर तेलकट डाग, मग फळांवर काळे ठिपके, मग फळ उभं तडकतं आणि व्यापारी गाडीतून उतरतसुद्धा नाही. दमट हवा आणि पावसाचे शिंतोडे एवढं या रोगाला पुरतं. एका बागेतून दुसऱ्या बागेत जायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फवारण्या झाल्या, छाटण्या झाल्या, सोसायटीचं कर्ज वाढत गेलं. शेवटी आण्णांनी जेसीबी बोलावून बाग काढली. आई फोनवर म्हणाली, "जेवले न्हाईत, पण हरिपाठाला गेल्यात."

नंतर कळलं ते असं. हरिपाठ नेहमीसारखा झाला. आण्णांनी टाळ वाजवला, पावली केली. आरती झाल्यावर सगळे बाहेर पडले आणि ते गाभाऱ्यासमोर एकटेच थांबले. मग आतून आवाज यायला लागला, म्हणून पुजारी धावत गेला. आण्णा देवाला हिशेब सांगत होते. रोपांचे इतके, ठिबकचे इतके, औषधांचे इतके. दुकानदाराला उधारीचा तपशील सांगावा तसे, मोठ्यानं. शेवटी म्हणाले, "आता काय ते तू बघ. मी जातू घरी." आणि घरी येऊन जेवले.

मला त्या वेळी हे भोळेपणाचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

आपल्याकडे सकाळी सकाळी मोबाईलवर कमळाच्या फुलाबरोबर एक ओळ हमखास येते: 'ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान'. पाठवणारा बहुधा पेन्शनीत असतो आणि वाचणाऱ्याला ती 'गप बसा' अशी ऐकू येते. ओळ कुणाची आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती लिहिणाऱ्या माणसाचं तोवर काय काय झालं होतं ते त्या कमळाखाली दिसत नाही. तुकोबांचं घर देहूतलं खातंपितं घर, महाजनकी, दुकानदारी, सावकारी. १६३० ते १६३२ चा दख्खनचा दुष्काळ आला आणि सगळं धुऊन गेलं. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांची पहिली बायको आणि लहान मुलगा त्या दुष्काळात गेले. 'समाधान' हा शब्द त्यांनी या घरात उभं राहून वापरलेला आहे.

आणि ते गप तर अजिबात बसले नाहीत. परंपरा सांगते, की बापाच्या सावकारीतली लोकांची कर्जखतं त्यांनी धाकटा भाऊ कान्होबा याच्याबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. दुष्काळातून वाचलेल्या कुणब्यांच्या डोक्यावरचं ओझं एका दिवसात उतरलं. त्याच अभंगात पुढं 'घालूं तयावरी भार' असं ते म्हणतात, तेव्हा मला ती बुडालेली खतं आठवतात. स्वतःचा भार देवावर टाकणारा माणूस दुसऱ्यांवरचा आपला भार आधी काढून घेतोय.

आमच्या मंगळवेढ्याला याच जातीची दुसरी गोष्ट आहे, ती तर शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक म्हणून दर दोन-तीन वर्षांनी व्हायची. दामाजीपंत बीदरच्या बादशहाचे मंगळवेढ्यातले अधिकारी. दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, आणि पंतांनी सरकारी धान्याची कोठारं लुटवली. बादशहाचे शिपाई त्यांना धरून न्यायला आले. पंत वाटेत असताना विठोबा महाराच्या वेषात बीदरच्या दरबारात गेला आणि धान्याची किंमत मोजून पावती घेऊन आला. लहानपणी आम्हाला विठू महार झालेला मुलगा बघायची हौस असायची, कारण त्याच्या खांद्यावर खरी घोंगडी असायची. मोठेपणी ध्यानात आलं की गोष्टीचा क्रम महत्त्वाचा आहे. कोठारं आधी उघडली गेली. देव नंतर आला. तो येणार आहे अशी काही चिठ्ठी पंतांकडे नव्हती.

विश्वास म्हणजे तक्रार न करणं, असं मला पूर्वी कुणीतरी पटवून दिलं होतं. कुणी ते आठवत नाही. बहुतेक परीक्षेच्या आदल्या रात्री रडलो म्हणून कुठल्या तरी मास्तरांनी. आता वाटतं, मराठी संतांच्या गाथा उघडूनही न बघितलेल्या माणसानंच असं म्हणावं. 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' अशी हाक मारणारी जनाबाई ही नामदेवांच्या घरची दासी, जात्यावर बसून 'दळितां कांडितां, तुज गाईन अनंता' म्हणणारी. दोन्ही ओळी एकाच बाईच्या नावावर आहेत. त्या शिवीत पुढं जे शब्द येतात ते मी आईसमोर वाचू शकणार नाही. आणि तुकोबा तर एका ठिकाणी सरळ लिहून मोकळे झालेत: 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल.' बाकीच्यांसाठी असेल तो, माझ्यापुरता मेला. चारशे वर्षं वारकरी हा अभंग गाथेतून काढून न टाकता सांभाळत आलेत, ही मला या संप्रदायाची फार मोठी गोष्ट वाटते. दुसऱ्या एखाद्या पंथात ही ओळ पहिल्या पन्नास वर्षांतच गहाळ झाली असती.

तुकोबांची दुसरी बायको जिजाई, म्हणजे आवली. ती विठोबाला शिव्या घालण्याबद्दल प्रसिद्ध. नवऱ्याला या काळ्यानं नादाला लावलं आणि माझी चूल विझवली, ही तिची तक्रार, आणि त्यात खोटं काय होतं? तरी रोज भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढायची. एकदा पायात काटा मोडला, तेव्हा तो काढायला विठोबाच आला आणि तिचा पाय मांडीवर घेऊन बसला, अशी कथा आहे. कीर्तनकार ही कथा नवऱ्यावरच्या निष्ठेची म्हणून सांगतात. मला ती वेगळीच ऐकू येते. शिव्या देणाऱ्या बाईच्या पायातला काटा काढताना देवानं आधी माफी मागायला लावली नाही.

आण्णांची बायपास सोलापूरला झाली. अतिदक्षता विभागाच्या बाहेर नातेवाइकांना बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, त्यांवर झोपता येत नाही. रात्री नऊनंतर सगळे फरशीवर सतरंज्या टाकतात. आमच्या शेजारी मोहोळकडची एक म्हातारी होती, नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. तिचा मुलगा मोटारसायकलवरून पडला होता, डोक्याला मार. मी मोबाईलवर आण्णांच्या रिपोर्टमधला प्रत्येक शब्द शोधून वाचत होतो. हृदय किती टक्के रक्त बाहेर फेकतं, किती टक्क्यांच्या खाली धोका, अमुक औषधाचे दुष्परिणाम कोणते. जेवढं वाचत होतो तेवढा हात थंड पडत होता.

मध्यरात्रीच्या सुमाराला म्हातारी उठून बसली आणि भिंतीकडे तोंड करून बोलायला लागली. मला आधी वाटलं, फोनवर बोलतेय. "मी काय मागितलं व्हतं रं तुला? सोनं मागितलं? माडी मागितली? ह्यो एक दिला, त्योबी आसा टाकलास रस्त्यावर. लाज वाटत न्हाई व्हय तुला? येते मी एकादशीला, मग बघते तुझ्याकडं." मध्येच रडली. मध्येच सुनेबद्दल काही सांगितलं, जणू तोही घरचाच आणि त्याला ठाऊक असायला हवं. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं असेल. मग पदरानं तोंड पुसलं, पिशवी उशाला घेतली आणि झोपली. खरोखर झोपली. मी जागा.

त्या फरशीवर मला पहिल्यांदा उमगलं, की तिची काळजी आणि माझी काळजी यांत मजकुराचा काही फरक नाही. काय होणार, पैसे कुठून आणणार, मीच का. सगळं तेच. फरक एवढाच, की तिच्या प्रत्येक वाक्याला समोर ऐकणारं कुणीतरी होतं आणि माझं प्रत्येक वाक्य माझ्याच डोक्यात फिरून माझ्याकडेच परत येत होतं. परत येताना थोडं मोठं होऊन. आण्णांची बांधावरची ओरड, देवळातला तो हिशेब, यांचा अर्थ मला तिथं बसून लागला. ते बोलून टाकत होते, आणि बोलून टाकलेलं मग त्यांच्याकडे राहत नव्हतं.

मानसशास्त्रवाले याला काही नाव देतील आणि म्हणतील की ऐकणारा असो-नसो, बोलल्यानं मोकळं वाटतंच. असेल. मी डायरी लिहून बघितली आहे, भिंतीशी बोलूनही बघितलं आहे. भिंतीवर रागावता येत नाही, ही अडचण आहे. रागवायला हक्क लागतो, आणि हक्क नात्यातून येतो. 'जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती । चालविसी हातीं धरूनियां' हे तुकोबा म्हणू शकतात, कारण ज्याचा हात धरलाय त्यालाच कधी तरी 'मेला' म्हणून झालेलं आहे. नुसत्या गोड बोलण्यावर उभं राहिलेलं नातं आमच्या भागात कुणी खरं मानत नाही. जावयाशी गोड बोलतात.

सकाळी म्हातारीच्या मुलाला दुसरीकडे हलवायचं ठरलं. सामान आवरताना तिनं कनवटीची पुडी काढून चिमूटभर बुक्का माझ्या हातावर ठेवला. "तुमच्या आण्णाला लावा. माझं त्याच्यासंगं अजून मिटलं न्हाई, पर तुमी लावा."

पंढरपूरचा देव रागवायला सोपा आहे, याचं एक कारण मला असं वाटतं, की तो स्वतः दमतो. हे मी अलंकारिक बोलत नाही. आषाढी आणि कार्तिकीच्या यात्रेच्या आधी देवाचा पलंग काढतात. म्हणजे शेजारती बंद, झोप बंद. रात्रंदिवस दर्शन चालू राहतं. विठोबाच्या पाठीशी कापसाचा लोड ठेवतात, रखुमाईला तक्क्या. किती तास उभं राहायचं त्याला काही माप! यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्यानं स्नान घालतात आणि शिणवटा जावा म्हणून औषधी काढा देतात. मग पलंग परत येतो. ज्या देवावर लाखो माणसं आपला भार टाकून जातात, त्याचे पाय दुखत असतील ही जाणीव त्या भार टाकणाऱ्यांनाच आहे. आण्णा आषाढीनंतर काही दिवस विठोबाला काही सांगत नाहीत. "पडू दे जरा त्याला," म्हणतात. मोटार त्या दिवसांत बिघडली, तर शिव्या लाईनमनला.

२०२० साली हे सगळं थांबलं. मार्चच्या मध्याला मंदिर बंद झालं ते १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडलं. त्या वर्षीची आषाढी १ जुलैला होती; पालख्या पायी निघाल्याच नाहीत, पादुका आदल्या दिवशी एस.टी.च्या बसनं मोजक्या माणसांसोबत पंढरीला गेल्या. आण्णा दूरदर्शनसमोर बसून बस बघत होते आणि खिडकीत पादुका दिसल्या तेव्हा त्यांनी बसलेल्या जागी टोपी काढली. 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी' यानं हरिपाठ सुरू होतो आणि त्या वर्षी दारच बंद. मी विचारलं, "आता कसं?" ते म्हणाले, "चोखोबाला इचार."

चोखोबांबद्दल लिहिताना मात्र माझा हात अडखळतो. आपण या गोष्टीला फार लवकर गोड करून टाकतो. चोखामेळा आमच्या मंगळवेढ्याचे, जातीनं महार, त्यांना आयुष्यभर देवळात पाऊल टाकता आलं नाही. विठोबाचा हार गळ्यात कसा आला असं विचारत बडव्यांनी मारलं, तेव्हाची हाक 'धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद' अशी आहे. ही शांत माणसाची ओळ नाही. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते इतर मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेव आले आणि ढिगाऱ्यातलं एकेक हाड कानाला लावून ज्यातून 'विठ्ठल' ऐकू आलं ते वेचून घेतलं, अशी कथा आहे. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीच्या समोर. मेल्यावरही दाराबाहेर.

मग चोखोबांना आतून जो आधार मिळाला असेल त्याचं कौतुक करायचं आणि दार तसंच बंद ठेवायचं, हे शतकानुशतकं चाललं. ते उघडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. म्हणून 'देवावर विश्वास ठेव, मन शांत होईल' हे वाक्य कोण कुणाला सांगतंय, ते मी आधी बघतो. दाराच्या आतल्यानं बाहेरच्याला सांगितलं, तर त्यात देवाचा संबंध कमी आणि सोयीचा जास्त असतो. चोखोबांनी स्वतःसाठी म्हटलेलं वेगळं. त्यांनी दारही मागितलं आणि देवही सोडला नाही. सोपं काहीच नाही त्यात, आणि आण्णांनी त्या दिवशी त्यांचं नाव घेतलं ते घरात सुरक्षित बसून, हेही मला दिसत होतं. मी त्यांना तसं म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "खरं हाय तुझं. आमाला आठ म्हैने कळलं, त्यास्नी जन्मभर." त्या वर्षी कार्तिकीनंतर ते पंढरपूरला गेले, तेव्हा आधी चोखोबांच्या समाधीपाशी थांबून मग आत गेले. पूर्वीही थांबायचे का, ते मी विचारलं नाही.

मी वारकरी झालेलो नाही. माळ घातलेली नाही, एकादशी धरत नाही, मटण सोडवत नाही. देव आहे का, या प्रश्नावर माझं मत वाराप्रमाणे बदलतं. तरी बायपासनंतरच्या सप्ताहात आण्णांच्या वाटणीचा वीणेचा पहारा माझ्यावर आला आणि मी तो केला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला, असा सगळा कार्यक्रम चालू असतो आणि त्या सगळ्याच्या मागं कुणीतरी एक माणूस वीणा गळ्यात घालून उभा असतो. पहाऱ्याची यादी देवळाच्या खांबाला चिकटवलेली असते. आण्णांचं नाव रात्री दोन ते चार या रकान्यात होतं. माझी नेहमीची जागरणाची वेळ. त्यांनी ती मुद्दाम मागून घेतलेली, कारण ती कुणाला नको असते.

वीणा दिसते त्यापेक्षा जड असते. एक तार छेडायची आणि 'जय जय राम कृष्ण हरी' म्हणत राहायचं. सोबत दोन टाळकरी, त्यातला एक बसल्या बसल्या डुलक्या घेणारा. सुरुवातीला डोक्यात तोच फेरा: हप्ता, बारावी, आण्णांच्या गोळ्या संपत आल्यात. मंत्र तोंडानं चालू, हिशेब आत चालू. मला कुणीतरी सांगितलं होतं की नामात मन लावावं. ते काही लागलं नाही. पण थोड्या वेळानं असं झालं, की खांदा दुखायला लागला, तोंड कोरडं पडलं आणि मी मनातल्या मनात समोरच्या मूर्तीला म्हणालो, की बाबा रे, तू अठ्ठावीस युगं उभा आहेस म्हणतात, मला दोन तास होत नाहीत, कसं करतोस? उत्तर अर्थातच आलं नाही. मग गोळ्यांचं सांगितलं. मग बारावीचं. मुलीला मी ओरडलो होतो ते सांगितलं. हप्त्याचं सांगताना जरा आवाज चढला असावा, कारण डुलकी घेणारा टाळकरी दचकून उठला आणि जोरजोरात टाळ कुटायला लागला.

काही चमत्कार झाला नाही. हप्ता अजून आहे. एवढंच, की चार वाजले तेव्हा मला ते घड्याळ बघून कळलं. त्याआधी बराच वेळ मी घड्याळाकडे बघितलं नव्हतं. चारच्या पहाऱ्याचा माणूस मात्र आला नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले, काकड्याची मंडळी कुडकुडत जमायला लागली. वीणा खाली ठेवायची नाही, म्हणजे नाही. खांद्याची पार खुंटी झालेली. शेवटी तो गडी चहाचा कप हातात घेऊन आला, म्हणाला, "जरा डोळा लागला व." मी त्याच्या गळ्यात वीणा घातली, पाया पडायचं ते पडलो, आणि विठोबाकडे वळून आण्णांच्या भाषेत जे बोललो ते ऐकून काकड्याला आलेल्या दोघी-तिघींनी कानावर पदर घेतले. पुजारी हसला. "पोरगं बापावर गेलं," म्हणाला, आणि मला चहा प्यायला बाहेर पाठवलं.